सुरुंग वेचणाऱ्या नौकांची उपेक्षा

१३ एप्रिल २०१९ रोजी ‘कोझिकोड’ ही नौका भारतीय नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली. या घटनेची वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही. विमानवाहू जहाज जलावतरण करते तेव्हा पंतप्रधान उपस्थित असतात. पाणबुडी सेवेत दाखल होते तेव्हा पहिल्या पानावर छायाचित्र येते. ‘कोझिकोड’च्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नसेल. ती एक माइनस्वीपर होती. शत्रूने समुद्रात पेरलेले सुरुंग शोधून काढणे व ते निकामी करणे हे तिचे काम. परंतु ती गेली आणि तिच्याबरोबर नौदलाच्या ताफ्यातील या प्रकारची अखेरची नौका गेली. साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभलेल्या देशाने बंदरांच्या तोंडाशी झाडलोट करणारा एकुलता एक सेवकही निवृत्त केला आणि त्याच्या जागी दुसरा नेमला नाही. हा प्रकार केवळ नौदलाच्या अंतर्गत व्यवस्थेचा मानून सोडून द्यावा इतका क्षुल्लक नाही.

या नौका दिसायला देखण्या नसतात, त्यांच्यावर मोठ्या तोफा नसतात आणि त्यांच्या पराक्रमाची गाणी कोणी रचीत नाही. तथापि नौदलाचा इतिहास पाहिला तर संकटाच्या घटकेला याच नौकांनी आपल्या कुवतीबाहेरचे काम केल्याचे दिसते. दुसऱ्या महायुद्धातील डच नौदलाच्या ‘यान व्हान आम्स्टेल’ वर्गातील नौकांची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ज्यांना आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘वलंदेज’ म्हटले आहे आणि ज्यांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती, तेच हे लोक. १९३० नंतरच्या दशकात, युद्धाचे ढग जमत असताना, त्यांनी या आठ नौका बांधावयास घेतल्या. नौकांना नावे दिली ती सतराव्या शतकातील आपल्या दर्यावर्दी सेनानींची. पण नौका मात्र अगदी साध्या. लांबी सुमारे १८४ फूट, वजन सव्वापाचशे टनांच्या आसपास, वेग ताशी पंधरा सागरी मैल, खलाशी पंचेचाळीस आणि तीन इंची तोफ एक. युद्धनौकेशी गाठ पडली तर पळून जाण्याइतका वेग नाही आणि लढून मरण्याइतके शस्त्र नाही, अशी त्यांची अवस्था होती.

त्यांच्यावरील आपत्ती युद्धाच्या पहिल्याच आठवड्यापासून सुरू झाली. नेदरलंड्स त्या वेळी तटस्थ होता. तरीही ८ सप्टेंबर १९३९ रोजी यांपैकी ‘विलेम व्हान एवाइक’ ही नौका सुरुंगावर आदळून बुडाली. जी सुरुंग काढायला गेली तिलाच सुरुंगाने गिळले. पुढे मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलंड्स पाच दिवसांत पादाक्रांत केला. मायभूमी गेली, तेव्हा या वर्गातील चार नौका पूर्वेस, आजच्या इंडोनेशियात होत्या. फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस जावा समुद्राच्या लढाईत दोस्तांचे आरमार धुळीस मिळाले आणि उरल्यासुरल्या नौकांना ऑस्ट्रेलियाकडे निघून जाण्याचा हुकूम सुटला. ‘पीटर द बिटर’ तिच्याच खलाशांनी सुराबाया येथे बुडविली. ‘एलांड ड्यूब्वा’चीही तीच गत झाली. ‘यान व्हान आम्स्टेल’ला ८ मार्च रोजी जपानी विनाशिकेने गाठले आणि तळाला धाडले.

चौथी ‘आब्राहाम क्राइन्सेन’. तिच्या खलाशांनी जे केले ते गनिमी काव्याचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्रीय माणसाला चटकन पटावे असे आहे. त्यांनी जवळच्या बेटांवरून झाडे व फांद्या तोडून आणल्या, त्यांनी सारी नौका झाकून टाकली आणि जो भाग उघडा राहिला तो खडकासारखा रंगविला. दिवसा ही नौका एखाद्या बेटाच्या कडेला नांगर टाकून निश्चल उभी राही. वरून जाणाऱ्या विमानांना दिसे ते आणखी एक झाडीचे बेट. रात्र पडली की ती पुढे सरके. ज्या समुद्रात हजारो बेटे आहेत तेथे एक बेट जास्त झाले तर ते मोजणार कोण, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो अचूक ठरला. २० मार्च १९४२ रोजी ती पश्चिम ऑस्ट्रेलियातील जेराल्डटन बंदरास लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात तिने ऑस्ट्रेलियन नौदलाचा ध्वज धारण केला आणि मे १९४३ मध्ये ती पुन्हा डच सेवेत परतली. आज ती डेन हेल्डर येथील नौदल संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहे. मोठमोठ्या क्रूझर गेल्या. राहिली ती ही सव्वापाचशे टनांची साधी नौका.

या डच कथेशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी रक्ताचा म्हणावा असा आहे. ऑस्ट्रेलियाच्या गोद्यांत त्याच वेळी ‘बॅथर्स्ट’ वर्गाच्या नौका बांधल्या जात होत्या. याही मूळच्या सुरुंग काढण्यासाठीच आखलेल्या, आणि त्यांपैकी चार त्या वेळच्या ‘रॉयल इंडियन नेव्ही’साठी होत्या. त्यांची नावे ‘बेंगॉल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ व ‘पंजाब’ अशी. ‘बेंगॉल’ नवीकोरी असतानाच ‘ओंदिना’ नावाच्या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात त्यांच्यासमोर ‘होकोकु मारू’ आणि ‘आयकोकु मारू’ ही दोन जपानी सशस्त्र जहाजे उभी ठाकली. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी. ‘बेंगॉल’ साडेसहाशे टनांची, आणि तिच्यावर ठरलेली चार इंची तोफ मिळाली नाही म्हणून बसविलेली बारा पौंडी तोफ.

अशा वेळी शहाणपण कोणते, हे सांगायला युद्धशास्त्राचा ग्रंथ लागत नाही. पण ‘बेंगॉल’चा कप्तान विल्सन याने तेलवाहू जहाजाला निसटण्यास सांगून आपली नौका सरळ शत्रूच्या अंगावर घातली. ‘ओंदिना’नेही पळण्याऐवजी आपल्या एकुलत्या तोफेने मारा चालू ठेवला. ‘होकोकु मारू’वर गोळा बसला, तिच्यावर भडका उडाला आणि ती बुडाली. निर्णायक गोळा कोणाचा, यावर पुढे बराच वाद झाला; तो वाद बाजूला ठेवला तरी चालेल. ‘ओंदिना’चा डच कप्तान या चकमकीत ठार झाला. तिच्या होड्यांत उतरलेल्या खलाशांवर शत्रूने गोळ्या झाडल्या. तरीही वाचलेले खलाशी परत जहाजावर चढले आणि त्यांनी ते फ्रीमँटलला परत नेले. ‘ओंदिना’ बुडाली या समजुतीने पुढे गेलेली ‘बेंगॉल’ दिएगो गार्सियाला सुखरूप पोहोचली. या नौदलात कोकणपट्टीतील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, खलाशांची भरती पिढ्यान्‌पिढ्या होत आली होती. हिंदी खलाशी आणि डच खलाशी यांनी एका दिवशी एकमेकांसाठी जीव धोक्यात घातला, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत नसावी याचे वैषम्य वाटते.

परंतु पराक्रमाच्या कथांनी भारावून जाण्यासाठी हा लेख नाही. या नौकांचे खरे मोल त्यांनी दिलेल्या लढतीत नसून त्यांच्या रोजच्या कष्टाळू कामात आहे. हे ध्यानात येण्यासाठी पाणसुरुंग म्हणजे काय ते थोडे समजून घेतले पाहिजे. जुना सुरुंग तळाशी ठेवलेल्या वजनाला दोराने बांधून पाण्याखाली तरंगत ठेवीत. जहाजाचा धक्का त्याच्या शिंगांना लागला की तो फुटे. तो काढण्याची रीतही सरळ होती. नौकेमागे कातरी लावलेला पोलादी दोर ओढीत न्यायचा, सुरुंगाचा दोर कापायचा आणि वर आलेल्या सुरुंगाला गोळी घालून फोडायचे. पुढे समुद्रतळावर पडून राहणारा चुंबकीय सुरुंग आला. त्याला धक्का लागत नाही, वरून जाणाऱ्या जहाजाच्या लोखंडाची चाहूल पुरते. नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेस येथे असा एक जर्मन सुरुंग चिखलात रुतलेला सापडला आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन तो उघडला, तेव्हा त्याचे रहस्य कळले. मग आवाजाने फुटणारे, जहाज जाताना बदलणाऱ्या पाण्याच्या दाबाने फुटणारे, काही जहाजे जाऊ देऊन नेमक्या ठरलेल्या जहाजाखाली फुटणारे असे सुरुंग निघाले. म्हणूनच या नौका पुढे लाकडाच्या आणि नंतर काचतंतूंच्या बांधल्या जाऊ लागल्या. आता सुरुंग ‘झाडून’ काढण्यापेक्षा ध्वनिलहरींनी समुद्राचा तळ चाचपून एकेक सुरुंग हुडकावा लागतो. ते काम मोठ्या युद्धनौकेला जमत नाही. तिचे लोखंड आणि तिचा आवाज हीच तिची वैरीण होते.

सुरुंगाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, तो स्वस्त असतो आणि धीर धरतो. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेची ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही युद्धनौका ज्या सुरुंगावर आदळली त्याचा मूळ आराखडा १९०८ सालचा आणि किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती. नौकेच्या दुरुस्तीला नऊ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला. आणि धीराचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या मुंबईच्या दाराशीच आहे. पहिल्या महायुद्धात ‘वुल्फ’ नावाचे जर्मन जहाज व्यापारी जहाजाच्या वेषात हिंदी महासागरात शिरले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये त्याने कोलंबो व मुंबईच्या परिसरात सुरुंग पेरले. ते केव्हाच निघून गेले होते. २३ जून १९१७ रोजी, म्हणजे चार महिन्यांनंतर, पी. अँड ओ. कंपनीचे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज मुंबईपासून सुमारे पन्नास मैलांवर त्यांपैकी एका सुरुंगावर आदळले आणि बुडाले. वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. शत्रू क्षितिजावरही नव्हता. त्याने मागे ठेवलेले लोखंड पुरेसे ठरले. मुंबई बंदराला सुरुंगाचा धोका हा पुस्तकी कल्पनेचा खेळ नाही, तो घडून गेलेला इतिहास आहे.

शांततेचा करार झाला म्हणून सुरुंग शांत होत नाहीत, हेही आपण शेजारी पाहिले आहे. १९७१ च्या युद्धानंतर चित्तगाव बंदर मोकळे करण्याचे काम सोव्हिएत नौदलाला १९७२ ते १९७४ पर्यंत पुरले. नव्या बांगलादेशाचे अन्नधान्य त्या बंदरातून यावयाचे होते. काळ्या समुद्रात २०२२ पासून वाहत्या सुरुंगांनी धान्याच्या जहाजांची वाट धोक्याची केली आणि जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रुमानिया व बल्गेरिया यांना ते काढण्यासाठी संयुक्त पथक उभारण्याचा करार करावा लागला. सुरुंग किती फुटले याला फारसे महत्त्व नसते. एखादा सुरुंग असेल अशी शंका आली तरी विम्याचे दर चढतात आणि जहाजे बंदराबाहेर थांबतात. शत्रूला बंदर जिंकावे लागत नाही. ते संशयित करून ठेवले की झाले.

हे सारे आपल्या नौदलाला ठाऊक नव्हते असे नाही. १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनकडून सुरुंग काढणाऱ्या नौका घेण्यात आल्या. त्यांत ‘कारवार’, ‘काकिनाडा’, ‘कण्णनूर’, ‘कडलूर’ या होत्या आणि आपल्या वसईच्या नावाची ‘बसीन’ही होती. त्यानंतर सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत सोव्हिएत संघाकडून ‘पाँडिचेरी’ वर्गाच्या बारा नौका आल्या. त्यांच्या यादीत ‘रत्नागिरी’ आणि ‘कोंकण’ ही नावे वाचताना मराठी माणसाला आपुलकी वाटावी. ‘कारवार’ व ‘काकिनाडा’ मे २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाल्या, ‘कोंकण’ व ‘कडलूर’ मार्च २०१८ मध्ये, आणि मग ‘कोझिकोड’. तीस-पस्तीस वर्षे सेवा केलेल्या नौका निवृत्त व्हायच्याच. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांची निवृत्तीची तारीख आधीच दिसत असताना त्यांची जागा रिकामी कशी राहिली, याबद्दल.

ती कशी राहिली, याची हकीकत आपल्या सरकारी कारभाराचा नमुना म्हणून जपून ठेवावी अशी आहे. नव्या नौकांचा विचार २००५ पासून सुरू झाला. निविदा निघाल्या, दक्षिण कोरियाच्या कांगनाम कंपनीची निवड झाली, मध्यस्थांसंबंधी आक्षेप आले आणि २०१४ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. मग गोव्याच्या गोवा शिपयार्डला याच कंपनीच्या तंत्रसाहाय्याने बारा नौका बांधावयास सांगावे, असे ठरले. खर्चाचा अंदाज सुमारे ३२,००० कोटी रुपये. वास्कोतील गोदीने त्यासाठी तयारीही आरंभली. वाटाघाटी लांबत गेल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये तोही बेत बारगळला. जुलै २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने सुमारे १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या ज्या प्रस्तावांची गरज मान्य केली त्यांत सुरुंगविरोधी नौकाही आहेत. ही मान्यता स्वागतार्ह आहे. परंतु गरज मान्य होणे आणि नौका पाण्यात उतरणे यांत किती अंतर असते, हे गेल्या दोन दशकांनी शिकविले आहे. गंमत अशी की, त्याच यादीत नवे पाणसुरुंगही आहेत, आणि त्याच वर्षी मे महिन्यात संरक्षण संशोधन संस्थेने व नौदलाने मिळून देशी बनावटीच्या तळसुरुंगाची चाचणी घेतली. सुरुंग पेरण्याची विद्या आपण हस्तगत करीत आहोत. ते वेचण्याची साधने मात्र कागदावर आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो विचारात घेण्याजोगा आहे. आता मानवरहित यंत्रांचा जमाना आला. ती सुरुंग शोधतील. मग महागड्या नौका कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बेल्जियम व नेदरलंड्स यांनी २०१९ मध्ये, म्हणजे नेमके आपण ‘कोझिकोड’ला निरोप दिला त्या वर्षी, प्रत्येकी सहा अशा बारा नव्या नौकांची मागणी नोंदविली. त्या नौका सुरुंगक्षेत्राबाहेर उभ्या राहून यंत्रमानवी होड्या व पाणबुडे आत धाडावेत अशा बेताने आखलेल्या आहेत. पण यातून निघणारा निष्कर्ष काय? यंत्रे आली म्हणून डचांनी नौका रद्द केल्या नाहीत. यंत्रे वाहून नेतील अशा नौका त्यांनी मागविल्या. ज्यांचा किनारा आपल्या किनाऱ्यापुढे अगदी तोकडा आहे, त्यांना सहा नौका लागतात. शिवाय यंत्र सुरुंग ओळखते ते आधी तळाचा नकाशा तयार असेल तर. बंदराच्या वाटेवरील प्रत्येक खडक, प्रत्येक बुडालेले भांडे, प्रत्येक गंजका पिंप आधी नोंदलेला असेल तरच नवी वस्तू वेगळी उठून दिसते. हे काम वर्षानुवर्षे, शांततेच्या काळात, कंटाळा न करता करावयाचे असते. त्यासाठी तयार झालेले अधिकारी व खलाशी नौकांबरोबर निवृत्त होऊन पांगले, तर ती विद्या बाजारात विकत मिळत नाही.

सोलापूरच्या वाचकाने या प्रश्नात मन का घालावे? समुद्र येथून शेकडो किलोमीटरांवर आहे, आणि सिद्धेश्वराच्या तळ्यापलीकडचे मोठे पाणी म्हणजे आपल्याला उजनी. पण देशाच्या परकीय व्यापारातला आकारमानाने सुमारे ९५ टक्के भाग समुद्रावरून जातो, त्यात आपला वाटा आहे. सोलापूरचा टॉवेल परदेशी जातो तो न्हावाशेव्याच्या बंदरातून. सांगोल्याच्या डाळिंबाचे मोठे परदेशी गिऱ्हाईक समुद्रापलीकडे आहे. यंत्रमागाला वीज लागते, मालमोटारीला डिझेल लागते, आणि ते ज्या खनिज तेलापासून होते ते बहुतांशी जहाजानेच येते. मुंबईच्या वाटेवर सुरुंगाची नुसती वार्ता उठली तर तिचे पडसाद अक्कलकोट रस्त्यावरील कारखान्यात आठवड्याभरात उमटतील. मागांचा खडखडाट थांबण्यासाठी शत्रूला सोलापुरात यावे लागणार नाही.

आणि समुद्राचा विचार सोलापूरला परका नाही. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच गावी जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंदांनी, हिंदी माणसाने हिंदी जहाजातून माल न्यावा या ईर्षेने, १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी उभारली. त्या वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. परक्या सरकारचा विरोध सोसून त्यांनी विशाखापट्टणमला गोदी उभारली. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तिची कोनशिला बसली, आणि पुढच्याच एप्रिलात जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. तरी गोदी उभी राहिली, आणि १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले ‘जल उषा’ पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. ज्या शहराला समुद्र नाही त्या शहराच्या सुपुत्राला समुद्राचे मोल कळले होते; ज्यांच्या दारात समुद्र आहे अशा राज्यकर्त्यांना ते कळू नये, हे दुर्दैव. शिवछत्रपतींच्या राज्यनीतीचा सारांश सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’ने तीनशे वर्षांपूर्वी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. अंगाची निगा राखायची तर नुसते बाहू बलदंड करून चालत नाही, डोळे आणि पायही शाबूत लागतात.

मागणी माफक आहे. गोव्याच्या गोदीत असो की अन्यत्र, या नौकांचे बांधकाम ठरावीक मुदतीत सुरू व्हावे, आणि त्या मुदतीचा हिशेब संसदेने दर अधिवेशनात मागावा. त्या येईपर्यंत मुंबई, न्हावाशेवा, कांडला, कोची, विशाखापट्टणम यांसारख्या बंदरांच्या मार्गांचा तळ नकाशावर आणून तो ताजा ठेवण्याचे काम उपलब्ध यंत्रांनी आणि सर्वेक्षण नौकांनी चालू राहावे. सुरुंग काढण्याची विद्या शिकविणाऱ्या व शिकणाऱ्या माणसांची साखळी तुटू देऊ नये. आणि ज्या महाराष्ट्राच्या दाराशी ‘मंगोलिया’ बुडाले, त्या महाराष्ट्राच्या खासदारांनी, मग ते किनाऱ्यावरचे असोत वा घाटावरचे, हा प्रश्न आपला मानावा. विमानवाहू जहाजे देशाची शान आहेत, त्यांच्याविषयी अभिमान बाळगावा तितका थोडा. परंतु तीही बंदरातूनच बाहेर पडतात, आणि त्यांची वाट आधी कोणी तरी साफ करून ठेवावी लागते. ते काम करणाऱ्या नौकांचे स्वागत पंतप्रधानांनी केले नाही तरी चालेल. त्या असल्या म्हणजे झाले.